स्कोप लावावा की साध्या साइटवर भागतंय? स्प्रिंगच्या एअर रायफलसाठी कसं ठरवावं

स्प्रिंगची एअर रायफल घरात आली की पहिली जोडखरेदी बहुधा स्कोपची, म्हणजे नेम धरायच्या दुर्बिणीची असते. मीही तेच केलं होतं. काहीशे छरे झाडल्यावर एक दिवस डोळा लावला, तर रेटिकलचं, म्हणजे नेमासाठी आत दिसणाऱ्या रेघांचं, अधिकचं चिन्ह गुणाकाराकडे झुकलेलं. आतलं काहीतरी सुटलं होतं. दोष अर्धा स्कोपचा होता आणि अर्धा माझा, कारण ही बंदूक वागते कशी हेच मला माहीत नव्हतं.

चाप ओढला की दाबलेली स्प्रिंग सुटते, जड पिस्टन पुढे धावतो आणि बंदूक मागे सरकते. मागचा धक्का तर दारूच्या बंदुकीलाही असतो. इथे मात्र पुढच्याच क्षणी पिस्टन सिलिंडरच्या टोकाशी दबलेल्या हवेवर आपटतो आणि बंदूक पुढे हिसका खाते. बरेच स्कोप फक्त मागच्या धक्क्याचा विचार करून बनवलेले असतात, त्यामुळे मोठ्या काडतुसाच्या रायफलवर वर्षानुवर्षं टिकलेला स्कोपही छऱ्याच्या बंदुकीवर खिळखिळा होऊ शकतो. बंदुकीवरच्या खाच-माशीच्या साध्या साइटला या हिसक्याचं फारसं काही वाटत नाही. तिच्यात भिंग नाही, निसटण्याजोगं काही नाही.

पहिली पायरी: आधी कागदावर पाहा

10 मीटरवर जाड पुठ्ठ्यावर पांढरा कागद लावा. मागे छरा उसळणार नाही असा आडोसा हवा आणि डोळ्यांवर गॉगल हवाच. टेकूवर बसून साध्या साइटने पाच-पाच छऱ्यांचे तीन ग्रूप मारा. पुढचा हात लाकडाखाली तळव्यासारखा सपाट ठेवा, मूठ आवळू नका. या बंदुकीला घट्ट पकड खपत नाही. छरा नळीत असतानाच ती हलायला लागलेली असते, आणि प्रत्येक वेळी ती सारखीच हलली तरच छरे एकाच जागी जातात.

तिन्ही ग्रूप विखुरलेले आले तर स्कोपचा विचार तूर्त बाजूला ठेवा. पकड किंवा छरा चुकत असेल, तर स्कोपमधून तीच चूक मोठी होऊन दिसेल, एवढंच. वेगळ्या वजनाचे छरे वापरून पाहा. बऱ्याच वेळा घोळ तिथेच असतो.

दुसरी पायरी: स्वतःच्या डोळ्याला विचारा

साध्या साइटने नेम धरताना तीन गोष्टी एका रेषेत आणायच्या असतात: मागची खाच, पुढची माशी (नळीच्या टोकाचा छोटा उभा दांडा) आणि लक्ष्य. डोळा एका वेळी एकच गोष्ट स्पष्ट पाहतो, आणि ती माशीच असली पाहिजे. खाच आणि लक्ष्य थोडं धूसर दिसलं तरी चालतं. चाळिशी उलटलेल्यांना नेमकी माशीच पुसट दिसू लागते, आणि स्कोप घ्यायला याहून चांगलं कारण मला तरी माहीत नाही. स्कोपमध्ये रेटिकल आणि लक्ष्य एकाच पातळीवर दिसतात, डोळ्याची ओढाताण संपते.

मधला एक मार्गही आहे, तो म्हणजे बारीक छिद्राची मागची साइट. आंतरराष्ट्रीय 10 मीटर एअर रायफल स्पर्धेत दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटरचा असतो. तिथे स्कोप चालत नाही, सगळे छिद्रातूनच नेम धरतात. अचूकता भिंगातूनच येते असं म्हणणाऱ्याला हे जरूर सांगा.

तिसरी पायरी: अंतराचा हिशेब

समजा माशी 2 मिलिमीटर रुंद आहे आणि तुमच्या डोळ्यापासून 90 सेंटिमीटरवर आहे. 10 मीटरवर ती सव्वादोन सेंटिमीटर झाकते, 25 मीटरवर साडेपाच. म्हणजे डबा पाडायला ती पुरेशी आहे, पण डब्यावरच्या अक्षरावर नेम धरायचा तर अक्षर माशीमागे गडप होणार. तुमचा सराव 10-15 मीटरचा असेल तर साधी साइट मजेत चालते. 25 मीटरच्या पुढे लहान लक्ष्यं असतील तर स्कोप घ्या. चमकत्या फायबरच्या साइट संध्याकाळी छान दिसतात, पण त्यांचा ठिपका जाडसर असतो. कागदावरच्या नेमासाठी मला काळी माशीच बरी वाटते.

उलट, पाच-सहा मीटरवर स्कोप गोंधळात टाकतो. तो नळीच्या साधारण 4 सेंटिमीटर वर बसतो. त्यामुळे 25 मीटरला झीरो केलेली, म्हणजे नेम धरला तिथेच छरा लागेल अशी जुळवलेली बंदूक 5 मीटरवर दोनेक सेंटिमीटर खाली मारते.

चौथी पायरी: बंदूक उलटसुलट करून बघा

काही बंदुकांवर मुळात साइटच नसते, तिथे प्रश्न मिटला. नळी मोडून भरायच्या बंदुकीत आणखी एक मेख असते: बंद केल्यावरही नळी किंचित खाली झुकलेली राहू शकते. दोन्ही साइट नळीवर असतील तर त्याने काही बिघडत नाही. स्कोप मात्र सिलिंडरवर बसतो, आणि छरे इतके खाली लागतात की नेम वर-खाली करायचा स्कोपवरचा नॉब फिरवून फिरवून संपत येतो. अशा वेळी नॉब टोकापर्यंत फिरवत नेऊ नका, आतली स्प्रिंग सैल पडून झीरो भटकतो. मागून उंच असलेले माउंट (स्कोप बंदुकीवर धरून ठेवणारे पकडे) मिळतात, ते लावा. नळी न मोडणारी, खालच्या दांड्याने भरायची बंदूक असेल तर छरा घालायच्या जागेवर स्कोप आडवा येत नाही ना, तेही तपासा.

स्कोपच ठरला तर

खोक्यावर स्प्रिंगच्या एअर रायफलसाठी असं स्पष्ट लिहिलेलं हवं. फोकस 10 मीटरपर्यंत खाली आणता आला पाहिजे. 100 यार्डांवर बेतलेल्या स्कोपमधून जवळचं लक्ष्य धुरकट दिसतं, आणि डोळा हलला की रेटिकलही लक्ष्यावर सरकतं. चारपट मोठं दाखवणारा स्कोप बहुतेकांना पुरतो. बारापटीत स्वतःच्या छातीचे ठोकेच जास्त दिसतात.

माउंट एकसंध घ्या, आणि ते अडवणारी खीळ रेलच्या, म्हणजे माउंट बसतं त्या सिलिंडरवरच्या पट्टीच्या, मागच्या भोकात नीट बसवा. पुढच्या हिसक्याने बंदूक पुढे उडी मारते, स्कोप जागीच राहू पाहतो, आणि हळूहळू मागे घसरतो. माउंटच्या मागच्या कडेला लागून रेलवर नेलपॉलिशची बारीक रेघ मारा. माझ्या दुसऱ्या स्कोपने पन्नास छऱ्यांत या रेघेवर अर्धा मिलिमीटर चढाई केली होती. रेघ नसती तर मी नॉब फिरवत बसलो असतो.

झीरो आधी 10 मीटरवर करा, मग पुढच्या अंतरावर. नॉबची पाव मिनिटाची (मिनिट म्हणजे इथे अंशाचा साठावा भाग) एक क्लिक 100 यार्डांवर पाव इंच सरकते, पण 10 मीटरवर जेमतेम 0.7 मिलिमीटर. त्यामुळे क्लिक मोजत धीराने फिरवा. छरा भरताना एक हात नळीवर ठेवाच, चाप चुकून सुटला तर ती जोरात मिटते.

काढलेली मागची साइट तिच्या स्क्रूंसकट छोट्या पिशवीत घालून बंदुकीच्या कव्हरमध्येच ठेवा. स्कोप दुरुस्तीला जाईल तेव्हा ती शोधत बसावं लागणार नाही.