शनिवारी संध्याकाळी ज्यू सिनेमा-नाटकाचा कार्यक्रम ठेवताय? आधी सूर्यास्त बघा

हॉल नंतर बुक करा, वाचन करणाऱ्या कलाकार ताईंची तारीख नंतर घ्या, बॅनर तर फारच नंतर. पहिलं काम म्हणजे त्या शनिवारी सूर्य किती वाजता मावळतो ते कॅलेंडरात बघायचं. शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विसाव्याचा दिवस, शुक्रवारी सूर्यास्ताला लागतो आणि शनिवारी तीन तारे दिसले की सुटतो, म्हणजे सूर्यास्तानंतर साधारण पाऊण तास धरा. मुंबई-ठाण्यात डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास जातो, त्यामुळे सात वाजता लोक मोकळे असतात. मे-जूनमध्ये मात्र सव्वासात होतात, म्हणजे शब्बाथ सुटेपर्यंत आठ. त्यानंतर घरी हवदाला, म्हणजे शब्बाथला निरोप देण्याचा विधी असतो, मनुकांचं सरबत, सुगंधी मसाला, वेणीसारखी वळलेली मेणबत्ती, मग कपडे बदलणं, रिक्षा मिळणं, आणि जिना उतरायलाच दहा मिनिटं लागणारे आजी-आजोबा.

आम्ही मे महिन्यात साडेसहाची वेळ छापली होती. ज्यांच्यासाठी एवढा घाट घातला ते पुढच्या दोन रांगांतले ज्येष्ठ पोचले तेव्हा ताईंचं वाचन संपून आभारप्रदर्शन चालू होतं. कोकणातल्या ज्या ज्यूंना शनवार तेली म्हणत, का तर शनिवारी यांचा घाणा बंद, त्यांचाच कार्यक्रम शनिवारी उजेडी ठेवायचा म्हणजे काय बोलायचं. सगळेच काटेकोर पाळतात असं नाही, पण जे पाळतात तेच जुन्या गोष्टी सांगणारे असतात. जमत नसेल तर सरळ रविवार घ्या.

आता कार्यक्रमात काय दाखवायचं ते. कमिटीत कोणीतरी म्हणणारच की 'आलम आरा'ची क्लिप लावूया. मूळ नाटक जोसेफ डेव्हिड पेणकरांचं, बेने इस्रायली, म्हणजे याच कोकणातल्या ज्यू समाजातला माणूस, पारशी रंगभूमीसाठी लिहिणारा, आणि त्यावरून १९३१ साली आपला पहिला बोलपट झाला, म्हणजे नाटक आणि सिनेमा दोन्ही एका माणसात. उत्तम कल्पना आहे, फक्त त्याची प्रिंटच शिल्लक नाही. फोटो दाखवा आणि पुढे चला. सुलोचनाच्या मूकपटांचंही बहुतेक तेच, तिथे वेळ घालवू नका. हिंदी सिनेमातल्या नादिरा आणि डेव्हिड यांचं मात्र भरपूर सापडतं. निवेदकाला एक गोष्ट बजावून ठेवा, सगळ्यांना 'आपले कोकणातले ज्यू' म्हणून एका माळेत ओवायचं नाही. सुलोचना म्हणजे रूबी मायर्स आणि नादिरा म्हणजे फ्लॉरेन्स इझिकेल या बगदादी, म्हणजे बगदादकडून आलेल्या ज्यूंपैकी, कोकणातला तो डेव्हिड अब्राहम चेऊलकर, आडनावातच चौल आहे. प्रेक्षागृहातून लगेच दुरुस्ती येते आणि ती माईकशिवाय शेवटपर्यंत ऐकू जाते.

परदेशातलं काही घ्यायचं तर 'डिबुक' घ्या, डिबुक म्हणजे जिवंत माणसाच्या अंगात शिरलेला मेलेल्याचा आत्मा, मी तरी तेच घेईन. अन्स्कीचं नाटक, तो १९२० च्या नोव्हेंबरात गेला आणि पुढच्याच महिन्यात वॉर्सात त्याचा पहिला प्रयोग झाला. १९२२ ला मॉस्कोत हबिमा या नाटकमंडळीने ते हिब्रूत केलं, त्यात नायिका लेआ झालेली हाना रोविना पुढे कित्येक वर्षं त्याच भूमिकेसाठी ओळखली गेली. १९३७ चा पोलंडमधला यिडिश, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेतला सिनेमा त्याच नाटकावरचा आहे. त्यातला लग्नाचा प्रसंग लावा, भिकाऱ्यांचं नाचणं, मग मृत्यूचा नाच, आणि लेआ मांडवाखाली उभी राहिली की क्लिप तिथेच तोडा. तोडाच! तिच्या तोंडून मेलेल्या प्रियकराचा आवाज निघतो तो पडद्यावर ऐकवायचा नाही, पडदा वर, पूर्ण अंधार, आणि ते वाक्य ताई स्टेजवरून मराठीत बोलतील. अंगात येणं आपल्या लोकांना समजावून सांगावं लागत नाही, त्यामुळे या जागी प्रस्तावना नको. पण यासाठी पडदा गुंडाळायला किती वेळ लागतो आणि किती करकरतो ते आधी करून बघा, आणि क्लिपला मराठी सबटायटल्स हवीत, ती सुद्धा मागच्या रांगेतून वाचता येतील एवढी. जुना सिनेमा चौकोनी असतो, तो ताणून पडदाभर करू नका, माणसं बुटकी दिसतात. रिस्टोअर केलेल्या कॉपीचे हक्क वेगळे असतात, जिथून घेताय त्यांची लेखी परवानगी घ्या. तिकीट लावून नाटकाचा भाग करणार असाल तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र हॉलवाले मागतात, हे आदल्या आठवड्यात सुरू करायचं काम नाही.

ताईंना विचारायच्या गोष्टी: बसून वाचणार की उभं राहून, स्टँड कुठल्या उंचीचा, संहिता किती मोठ्या अक्षरात, कोमट पाणी की साधं. दिवा समोरून नको, कागदावर पडेल असा हवा. ओळख पाच मिनिटांत, पुरस्कारांची यादी वाचणाऱ्याला खाली बसवा. मानधनाचं पाकीट त्याच रात्री, 'पुढच्या आठवड्यात ट्रान्सफर करतो' हे मोठ्या कलाकाराला सांगू नये, छोट्यालाही सांगू नये.

आणि तालीम. परत तेच सांगतो, तांत्रिक तालीम शनिवारी दुपारी लावू नका. ताई स्वतः पाळत नसतील, पण साऊंडला मदत करणारा मुलगा पाळत असेल, हवदाल्याची माहिती देणारे काका पाळत असतील. तालीम गुरुवारी. शुक्रवारी दुपारनंतर कुठलाही बदल करू नका, कारण शनिवारी सकाळी ग्रुपवर 'वेळ बदलली आहे' असं टाकलं तर जे शब्बाथ पाळतात ते फोनच उघडत नाहीत, आणि नेमकं त्यांनाच ते कळायला हवं असतं. पत्रिकेवर नुसतं साडेआठ वाजता असं न छापता 'शब्बाथ सुटल्यावर, रात्री साडेआठ' असं छापा, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल की एवढा उशीर का. हॉलवाल्याला सुद्धा हे आधीच सांगा, नाहीतर साडेदहाला तो दिवे घालवायला उभा असतो आणि तुमचं अजून मध्यंतर चालू असतं. उन्हाळ्यात त्यामुळे कार्यक्रम दीड तासाचाच ठेवा.

खाणं शाकाहारी, विषय संपला. जिलेटिनवाली मिठाई नको. मलिदा नाश्ता म्हणून ठेवायची हौस कोणाला आली तर बेने इस्रायली तो एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने विधी म्हणून करतात हे लक्षात घ्या, आधी समाजातल्या मोठ्यांना विचारा.

पोलिसांना लेखी कळवा. २००८ ला मुंबईतल्या नरिमन हाऊस या ज्यू केंद्रावर जो अतिरेकी हल्ला झाला त्यानंतर यात कोणी हलगर्जीपणा करत नाही, बॅगा तपासायला माणूस ठेवा आणि तोही जरा हसतमुख.

बाकी केबल, चार्जर, माईकचे सेल, लॅपटॉपवरचे नोटिफिकेशन बंद, जिन्याजवळ दोन पोरं, व्हीलचेअरची जागा. आभार दोन मिनिटं. ताईंना घरी सोडणारी गाडी आधी ठरवा. पेनड्राइव्ह लॅपटॉपलाच राहतो, काढून घ्या.