रिंग फिट घेतलंय? मग या चुका टाळा

जून ते सप्टेंबर बेळगावचा पाऊस कुणाला सोडत नाही. व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावरचं सकाळचं फिरणं बंद पडतं, पोट सुटायला लागतं आणि मग घरातला कुणीतरी निंटेंडो स्विच हे गेमचं यंत्र आणि त्यावरचा व्यायामाचा गेम ‘रिंग फिट ॲडव्हेंचर’ घेऊन येतो. २०१९ साली आलेला हा गेम चांगलाच आहे. हातात दाबायची-ताणायची रिंग, डाव्या मांडीला पट्टा, आणि पडद्यावरच्या राक्षसाला मारायचं तर आपण बैठका काढायच्या. अडचण गेमची नाही, आणणाऱ्याच्या घाईची आहे. गल्लीत हे यंत्र आधी माझ्याकडं आलं, म्हणून सगळ्यांचे फोन मलाच, आणि तक्रारी दरवर्षी त्याच.

पहिल्याच दिवशी लेव्हल ३०

ही चूक माझ्या डोक्यात जाते. सुरुवातीला गेम वय, वजन, व्यायामाची सवय विचारून स्वतःच एक लेव्हल सुचवतो. १ ते ३० अशी ती असते. लेव्हल वाढली की राक्षस वाढत नाहीत, प्रत्येक व्यायामाचे आकडे वाढतात. जिथं थोड्या बैठकांत काम भागतं, तिथं मग घाम निघेपर्यंत त्याच काढायच्या. आपली पोरं सुचवलेला आकडा बघतात आणि त्यांना तो अपमान वाटतो.

वडगावातल्या एका पोराचं लग्न ठरलेलं. शेरवानीचं माप द्यायच्या आत बारीक व्हायचं होतं. मी सांगितलं, गेम म्हणतोय तेवढंच ठेव. “एवढ्यानं काय होतंय की! म्हातारी माणसं करतात ते,” म्हणाला आणि थेट ३० वर नेलं. वर खेळाआधीचं स्ट्रेचिंग बटण दाबून उडवलं, कारण त्यात म्हणे ‘टाइम वेस्ट’ होतो. दुसऱ्या दिवशी हा गडी जिन्यावरून भिंत धरून, उलटा, एकेक पायरी करत उतरत होता. खाली माग चालू, त्यामुळं त्याच्या हाका कुणाला ऐकू येईनात. त्यानंतर रिंगला हात लावला नाही आणि गावभर सांगत सुटला की गेम डेंजर आहे. आता त्याचा भाचा ती रिंग स्टेअरिंग म्हणून धरतो आणि “खानापूर, खानापूर” करत घरभर एसटी पळवतो. निदान कुणाचा तरी व्यायाम होतोय.

तालमीत नव्या पोराला वस्ताद आल्या दिवशी कुस्तीला उभं करत नाहीत. आधी आखाडा उकरायला लावतात, मग मोजक्या बैठका. इथं वस्ताद घरात आणलाय पण त्याचं ऐकायचं नाही, असा प्रकार. माझी रीत साधी आहे: दुसऱ्या दिवशी सकाळी जिना चढताना मांड्या ओरडल्या नाहीत तरच लेव्हल एकानं वाढवायची. ओरडल्या तर तिथंच थांबायचं, फार दुखलं तर खाली यायचं. गेम अधूनमधून स्वतःच विचारतो, त्याला खरं उत्तर द्या. गुडघा, कंबर, खांदा आधीपासून धरलेला असेल तर असिस्टची, म्हणजे त्या अवयवावरचा ताण कमी करायची, सेटिंग्ज बघा आणि त्याआधी डॉक्टरला विचारा. शेजाऱ्याला नको.

सेन्सरला फसवणं

पट्ट्यातल्या जॉय-कॉनला, म्हणजे स्विचच्या सुट्या होणाऱ्या छोट्या कंट्रोलरला, फक्त मांडी किती वाकली, किती हलली एवढंच कळतं. पाठ सरळ आहे का, गुडघा आत पडतोय का, टाच उचलली का, यातलं त्याला काही दिसत नाही. त्यामुळं खुर्चीत बसून पाय नाचवला तरी पडद्यावरचा माणूस धावतो. हा शोध प्रत्येक घरात कुणाला तरी लागतोच, आणि तो कॉलनीभर सांगितला जातो. खेळा की, पण मग ‘महिना झाला, वजन हलेना’ म्हणून मला फोन करू नका. मी बैठका नेहमी आरशाला आडवा उभा राहून करतो. पडद्यावर शाबासकी मिळत असते, आरशात कंबर वाकलेली दिसते. मी आरशाचं ऐकतो.

पट्टा घसरला तरी मोजणी बिघडते. लुंगीवर किंवा सुळसुळीत नायलॉनच्या ट्रॅक पँटवर तो बसत नाही. हाफ चड्डी घाला आणि दोन बोटं जेमतेम जातील एवढा आवळा.

माडीवर धावणं

शहापूरच्या जुन्या घरांत माडीला फळ्या असतात. वर कुणी जागेवर पळायला लागलं की खाली माती झडते. एका भाडेकरूच्या उत्साहानं खालच्या आज्जींच्या आमटीच्या पातेल्यात चिमूटभर माती पडली. आज्जी जिन्यात येऊन ओरडल्या, “काय रे, रेडा बांधलायस काय वर?” त्याला पहाटेच खेळायचं होतं, आज्जींना पहाटेच फोडणी द्यायची होती. घर सोडायची वेळ आली होती, तेव्हा मला बोलावलं. सेटिंगमध्ये सायलेंट मोड चालू केला, बाकी काही नाही. त्यात धावायच्या ऐवजी गुडघे हलके वाकवून पुढं जाता येतं, दणदणाट होत नाही. मांड्यांना उलट जास्तच लागतं. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनीही पहिल्या दिवसापासून हेच करावं.

पावसात शहाबादी फरशी घाम सोडते. मोज्यांवर अजिबात नको, दुमडलेल्या घोंगड्यावरही नको. रबरी मॅट घ्या.

बाकीचं, थोडक्यात

नवरा-बायकोनं एकाच नावावर खेळू नये. रिंग दाबायची-ताणायची ताकद सुरुवातीला मोजून ठेवलेली असते. बायकोच्या मापावर नवरा पैलवान ठरतो आणि त्याच्या मापावर ती रडकुंडीला येते. प्रत्येकाचं वेगळं प्रोफाइल करा.

पडद्यावरच्या कॅलरी हा अंदाज आहे, कुंदा खायचा परवाना नव्हे. गेम प्रत्यक्ष व्यायामाची वेळ वेगळी दाखवतो, ती बघा. तासभर उभं राहिलात तरी ती बरीच कमी भरते, कारण मधल्या गप्पा आणि मेनू त्यात धरत नाहीत. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. तो हिशोब या वेळेवर करा, घड्याळावर नको.

स्वस्त पडतो म्हणून स्विच लाइट घेऊ नका. त्याचे जॉय-कॉन निघत नाहीत आणि तो टीव्हीलाही जोडता येत नाही. स्विच २ घेतलात तर जुने जॉय-कॉन लागतात, नवे रिंगमध्ये बसत नाहीत. गोव्याहून किंवा दुबईहून सेकंडहँड मागवताना पेटीत मांडीचा पट्टा आहे का, हे आधी विचारा.

आणि खेळ झाला की दोन्ही जॉय-कॉन काढून कन्सोलला लावा (स्विच २ ला जुने बसत नाहीत, ते वेगळ्या चार्जिंग ग्रिपला लावा). रिंगमध्ये राहिले तर चार्ज होत नाहीत, आणि ‘गेम बिघडला’ म्हणून येणारे निम्मे फोन याचेच असतात.