कड दिसतेय का? स्पेशल इफेक्ट मेकअपची परीक्षक म्हणून बसताना

तुळशीचं लग्न लागलं की आमच्या परभणीतली मेकअपवाली माणसात राहत नाही. पहाटे चारला उठून नवऱ्या सजवायच्या, दुपारी करवल्या, रात्री रिसेप्शन. माझं पोट त्याच्यावरच चालतं. पण माझं मूळ शिक्षण नाट्यशास्त्राचं, संभाजीनगरच्या विद्यापीठात झालेलं. हात बसला तो राज्य नाट्य स्पर्धेच्या नाटकांना दाढ्या-मिशा चिकटवताना. त्यामुळं तीन वर्षांपूर्वी आमच्याच भागातल्या एका स्पेशल इफेक्ट मेकअपच्या (खोट्या जखमा, राक्षस, भुतं उभी करायच्या) शोचं परीक्षक म्हणून बोलावणं आलं, तेव्हा विचार न करता हो म्हटलं. तिथंच पहिली चूक झाली. आतापर्यंत चार वेळा त्या खुर्चीत बसले. कुणाला पहिल्यांदा बसायचं असेल तर माझ्या चुका फुकट घ्या.

शोचा थाट असा: मराठवाड्याच्या वेगवेगळ्या जिल्ह्यांतले १२ स्पर्धक, दोन दिवस, भाड्याचं मंगल कार्यालय, तीन कॅमेरे, तीन परीक्षक. नंतर सगळं यूट्यूबवर. कल्पना अर्थातच अमेरिकेच्या टीव्हीवरच्या ‘फेस ऑफ’ या मेकअप स्पर्धेवरून घेतलेली. तो कार्यक्रम २०११ ते २०१८ असा चालला, त्याचे १३ सीझन झाले आणि परीक्षकांत तीन ऑस्कर मिळवलेली व्ही नील होती. आमच्या संयोजकांनी त्यातला सेट उचलला, धूर उचलला, शेवटच्या तासाची पळापळ उचलली. एक गोष्ट मात्र उचलायची राहिली. तिथं परीक्षक आधी लांबून बघतात आणि मग खुर्चीवरून उठून मॉडेलच्या अगदी नाकाजवळ जातात. आमच्याकडं आम्हाला सोफ्यावर बसवलं, पुढ्यात काजूची बशी ठेवली आणि बसूनच गुण द्या म्हणाले. पहिल्या वर्षी मी बसून राहिले. आता आधीच सांगते, मला उठून जवळ जाता येणार नसेल तर येत नाही.

बोलावणं आलं की मानधन विचारायच्या आधी गुणपत्रिका मागवा. (मानधनाचं काय, शाल-श्रीफळ नक्की मिळतं. माझ्याकडं शालींचा गठ्ठा झालाय.) गुणपत्रिकेत ‘सौंदर्य’ असा रकाना दिसला तर समजा, नवरीच्या मेकअपच्या स्पर्धेचा कागद झेरॉक्स केलाय. फाडा आणि नवीन करायला लावा. मी रकाने मागते ते असे: दिलेला विषय पाळलाय का, घडण, चिकटवणं आणि कडा, रंगकाम, आणि पात्र म्हणून सगळं मिळून उभं राहतं का. पीस म्हणजे तोंडावर-अंगावर चिकटवायचा घडवलेला तुकडा, खोटं नाक, खोटी जखम; त्याची कड दिसली की सोंग उघडं पडतं. आणि एक प्रश्न लेखी विचारून घ्या: विकत आणलेले तयार पीस चालतात की नाही?

हा प्रश्न मी पहिल्या वर्षी विचारला नाही. एका मुलानं गाल फाटून आतले दात दिसतायत असा सिलिकॉनचा जबडा केला होता. बघून अंगावर काटा आला. घडणीच्या रकान्यात मी २० पैकी १९ दिले. कॅमेऱ्यासमोर ‘या हातात जादू आहे’ वगैरेही बोलून बसले. दोन महिन्यांनी फोनवर सामान शोधताना तोच जबडा विकायला दिसला. तोच दात, तीच भेग. मुलानं खोटं सांगितलं नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं. नियमातही काही लिहिलेलं नव्हतं. त्याच्या खालच्या नंबरावर जी मुलगी होती, तिनं प्लॅस्टिसिनमध्ये (तेलकट मातीत) घडवून, साचा काढून, स्वतः पीस ओतला होता. तिला मी १४ दिले होते. त्या १४ची मला आजही लाज वाटते.

आता आधी बोलते, मग गुण देते. साचा कुठाय, घडणीचे फोटो दाखव, किती पीस लावलेत, कोणता आधी लावला, काय बिघडलं? शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा. ज्यानं स्वतः केलंय त्याच्याकडं बिघडल्याच्या दहा गोष्टी असतात. एका मुलीनं सांगितलं, ‘मॅडम, सिलिकॉन चिकटच राहिलं, सुकेचना.’ तिनं गंधक असलेली माती वापरली होती. प्लॅटिनम सिलिकॉनचं गंधकाशी जमत नाही, लॅटेक्सच्या (रबराच्या) हातमोज्यांशीही नाही. ते मग वाळतच नाही. रात्रीतून तिनं माती बदलून दुसरा पीस काढला. तयार पीस लावणाऱ्याकडं अशी गोष्ट नसते. शिवाय तयार पीस कुणा तिसऱ्याच्याच तोंडाच्या मापाचा असतो. मॉडेलला बोलायला लावा, हसायला लावा, की गालाची घडी एकीकडं आणि पीसची घडी दुसरीकडं जाते.

काम दोन अंतरांवरून बघायचं, दहा-बारा फुटांवरून आणि मग वीतभर अंतरावरून. लांबून आकार बघायचा. डोळे बारीक करून बघितलं की रंग पुसट होतात आणि नुसती छाया-उजेडाची घडण उरते. ती घडण पात्र सांगत नसेल, तर जवळचं बारीक काम कितीही चांगलं असलं तरी फुकट. जवळ गेल्यावर मात्र कडा. नाकपुडीचा कोपरा, ओठांचा कोपरा, डोळ्याखाली आणि कानामागं. ही चार ठिकाणं घामानं आणि हालचालीनं आधी सुटतात. चांगल्या पीसची कड कागदाहून पातळ असते आणि कातडीत विरून जाते. पांढरी रेघ दिसली, खालून उचललेली दिसली की गुण कमी. टकलाची टोपी असेल तर मॉडेलला मान वाकवायला सांगा आणि मागून बघा. निम्म्या स्पर्धकांचं पात्र कानापाशी संपतं, मान आपली सावळी ती सावळीच राहते.

घडणीबद्दल थोडं जास्त बोलते, कारण इथं परीक्षक फार फसतात. दुसऱ्या वर्षी विषय होता वेरूळ. तीन जणांनी नरसिंह केला. आयाळ, सुळे, सोनेरी रंग, टाळ्या. धाराशिवच्या एका मुलीनं २१ नंबरच्या रामेश्वर लेण्यातला काल, म्हणजे मृत्यूचा देव, निवडला, तो नुसता हाडांचा सापळा उरलेला. तिनं मॉडेलच्या छातीवर बरगड्या काढल्या होत्या. मी मोजल्या. नुसत्या मोजल्या नाहीत, त्या कुठून वळतात तेही बघितलं. बरगड्या आडव्या शिड्यांसारख्या नसतात, पाठीकडून पुढं येताना खाली उतरतात. तिनं त्या बरोबर उतरवल्या होत्या, गळ्याच्या हाडामागचा खळगाही होता. एका नरसिंहाचा जबडा मात्र असा होता की तो जन्मात घास चावू शकला नसता. राक्षस असो, देव असो, भूत असो, त्याच्या कातडीखाली हाड आणि स्नायू असलेच पाहिजेत. परीक्षकाला शरीर माहीत नसेल तर तो सुळ्यांनाच गुण देणार. मी त्यासाठी शाळेतलं जीवशास्त्राचं पुस्तक पुन्हा काढलं, लाजायचं काय त्यात.

रंगाचं एक सोपं सांगते. मार लागल्याचा डाग बघितला की विचारायचं, किती दिवसांचा? ताजा असेल तर लाल, मग जांभळा-निळा, आणि बरा होत आला की हिरवट-पिवळा. एकाच डागात सगळे रंग रंगपंचमीसारखे उधळलेले असतील, तर त्यानं यूट्यूब बघितलाय, माणूस बघितला नाही. रक्ताचंही तसंच. ताजं लालभडक, सुकलेलं तपकिरी, आणि ते खालीच वाहतं. मॉडेल आडवी पडलेली दाखवायची असेल तर रक्त कानाकडं गेलं पाहिजे, हनुवटीकडं नाही. आणि गुण द्यायच्या आधी एकदा साध्या पांढऱ्या उजेडात बघू द्या म्हणा. संयोजकांना लाल लाइटचा फार सोस. लाल उजेडात लाल रक्त गायब होतं, निळ्यात काळं पडतं. मुलाची चूक नसते आणि गुण त्याचे जातात.

आता ज्यावरून आम्हा परीक्षकांचं भांडण झालं ते काम. विषय होता ‘कामावरचा अपघात’. गेवराईकडच्या एका मुलानं फक्त एका बाईच्या डाव्या हाताची दोन बोटं आणि नडगी एवढंच केलं होतं. कोयत्याचा वार. जखम अर्धी चिंधीनं बांधलेली, चिंधी हळदीनं पिवळी झालेली, नखात काळं, तळहाताला उसाच्या पानांनी कापलेल्या बारीक रेघा. मी विचारलं, डावाच हात का? म्हणाला, ‘उजव्या हातात कोयता असतो की मॅडम, डाव्यानं ऊस धरायचा.’ कुठं बघितलंस? ‘आईच्या हाताला.’ कॅमेरावाला लगेच जवळ यायला लागला, मी हातानंच थांबवलं.

बाजूच्या परीक्षकांचं म्हणणं पडलं की काम छोटंय, त्याच विषयात दुसऱ्यानं अख्खं तोंड भाजलेलं दाखवलंय, मेहनत तिथं दिसते. मुद्दा अगदीच चूक नव्हता. स्पर्धेत आवाकाही मोजावा लागतो. पण मी म्हटलं, ‘बालगंधर्व’ सिनेमाच्या रंगभूषेसाठी विक्रम गायकवाडांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तिथं कुठं शिंगं होती? शेवटी भाजलेलं तोंड पहिलं आलं, कोयता दुसरा. मी माझे गुण बदलले नाहीत आणि त्यांनीही बदलले नाहीत. हे असंच असावं. परीक्षकांनी चहा पिता पिता आकडे जुळवून घेतले तर तिघं बसवायचे कशाला?

आपल्याकडं उन्हाळा हा चौथा परीक्षक असतो. एकदा शूटिंग मे महिन्यात ठेवलं. बाहेर ४२-४३, आत दोन कूलर, त्यातला एक नुसता आवाज करणारा. जिलेटिनचे पीस अंगाच्या उबेनंच मऊ पडायला लागतात, त्यात हे. एक मुलगी रडकुंडीला आली, ‘मॅडम, वितळायलंय!’ दुसऱ्यानं चेहऱ्याचा ठसा घ्यायला अल्जिनेटची पावडर कालवली, गच्चीवरच्या टाकीच्या पाण्यात. कोमट पाण्यात अल्जिनेट फार लवकर बसतं, म्हणजे घट्ट होतं. चेहऱ्यापर्यंत जायच्या आधीच ‘भांड्यातच बसलं!’ म्हणून ओरडला. मग मित्र पळत गेला आणि थंड पाण्याचा जार उचलून आणला. अशा वेळी गुण कसे द्यायचे? माझा हिशेब असा: हॉल थंड ठेवणं संयोजकांचं काम, म्हणून पीस लावून झाल्या झाल्या एक नजर टाकून टिपण करते आणि त्यावर गुण धरते. पण मे महिन्यात मराठवाड्यात जिलेटिन निवडणं हा स्पर्धकाचा निर्णय, तिथं एखादा गुण जातोच. सगळ्यांना हे पटत नाही.

एका बाबतीत मात्र मी कुणाचं ऐकत नाही. ठसा घेताना नाकपुड्या मोकळ्या नसतील, प्लास्टर ऑफ पॅरिस थेट कातडीवर थापलं असेल, लॅटेक्सची आधी कोपराच्या आत चाचणी घेतलेली नसेल, तर काम तिथंच थांबवते. प्लास्टर बसताना तापतं, त्यानं माणूस भाजतो. मॉडेल म्हणून बसलेली बहुतेक वेळा स्पर्धकाची बहीण नाहीतर मैत्रीण असते आणि ती लाजेनं काही बोलत नाही. म्हणून मी तिलाच विचारते, आग होतेय का? निकालानंतर अर्धा तास थांबा आणि पीस कसा उतरवतायत तेही बघा. ओरबाडून काढणाऱ्याला पुढच्या वर्षी मी ओळखते.

गुण पेन्सिलनं लिहा. पहिल्या स्पर्धकाला दिलेला आकडा पुढच्या सगळ्यांना बांधून ठेवतो. तिसरा-चौथा बघून झाला की पहिल्याकडं परत यावं लागतं. तुमची विद्यार्थिनी स्पर्धेत असेल तर आधीच सांगा आणि तिचे गुण देऊ नका. ‘अमक्या साहेबांची पुतणी आहे’ असं कानात सांगणारा एक माणूस प्रत्येक ठिकाणी असतो. त्याला मी काजूची बशी पुढं करते.

कॅमेऱ्यासमोर बोलताना ‘छान’, ‘अप्रतिम’, ‘मजा आली नाही’ हे शब्द मी सोडून दिलेत. जागा सांगायची. डाव्या नाकपुडीची कड सुटलीय, गालाचा रंग एकाच थरात मारलाय म्हणून खडूसारखा दिसतोय, अंगठ्याचा मेकअप मनगटापाशी थांबलाय. दिग्दर्शक कानातल्या यंत्रातून ‘मॅडम, जरा ड्रामा’ म्हणतो. म्हणू द्यावं. प्रत्येक स्पर्धकामागं चार ओळी मी वहीत लिहून ठेवते आणि ती वही घरी आणते, आयोजकांकडं देत नाही.

मागच्या वर्षी निकालाच्या तिसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. सहावी आलेली मुलगी, नांदेडची. आवाज चढलेला. ‘मॅडम, मला सांगा कामून कापले माझे गुण?’ मी वही काढली आणि तिच्या पानावरचं वाचून दाखवलं: नाकपुडीची कड, मानेचा रंग, कानाची पाळी पीसखाली दबलेली. पलीकडं जरा वेळ शांतता. मग म्हणाली, ‘नाकपुडीचं बरोबरय. मानेचंही. पण कान मी मुद्दाम दाबलाय, ते पात्रच तसंय.’ मी म्हटलं, मग दुसरा कान का नाही दाबलास? त्या कानावरून आम्ही वीस मिनिटं भांडलो. शेवटी मीच फोटो मागवला, नीट मोठा करून बघितला आणि वहीत त्या ओळीपुढं पेन्सिलनं प्रश्नचिन्ह काढलं.