डोळ्यांची ऑनलाइन तपासणी आणि डिजिटल नोंदी: या चुका टाळा

डोळे दोन असतात आणि बराचसा घोळ तिथूनच सुरू होतो. काही फोनमध्ये सेल्फी आरशातल्या प्रतिमेसारखी उलटी सेव्ह होते. लाल झालेला उजवा डोळा फोटोत डावा दिसतो, पाहणारा तशीच नोंद करतो आणि थेंब भलत्याच डोळ्यात पडतात. फोटो मागच्या कॅमेऱ्याने, शक्यतो दुसऱ्याकडून काढून घ्या आणि सोबत ‘उजवा’ किंवा ‘डावा’ असं पूर्ण शब्दात लिहा. नोंद करणाऱ्यानेही पेशंटला तोंडी विचारून खात्री करावी.

माझ्या मते सगळ्यात घातक सवय म्हणजे मागच्या भेटीची नोंद जशीच्या तशी पुढे चिकटवणं. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन कृत्रिम भिंग बसलेल्या डोळ्यापुढे ‘मोतीबिंदूची सुरुवात’ असं लिहिलेलं मी स्वतः वाचलं आहे. अशी एक ओळ सापडली की उरलेल्या नोंदीवर भरवसा कसा ठेवायचा? चष्म्याच्या नंबरात -२.०० चं +२.०० झालं, तर चक्क चार नंबरांचा फरक पडतो. म्हणून चिन्ह मोठ्याने वाचून मगच सेव्ह करा. नजर ‘६/९’ (निरोगी नजरेला ९ मीटरवरून वाचता येणारं अक्षर ६ मीटरवरून वाचता येणं) लिहिली, पण चष्मा लावून की चष्म्याशिवाय हे नाही लिहिलं, तर पुढच्या वेळी तुलना कशाशी करणार? डोळ्याचा दाब दिवसभरात वरखाली होतो, तेव्हा आकड्याशेजारी वेळही हवी.

घरी नजर तपासताना एकेक डोळा तळहाताने झाका. बोटांनी दाबू नका, बोटांच्या फटीतून दिसतं आणि दाबलेला डोळा थोडा वेळ धूसरही होतो.

व्हिडिओ कॉलवर दाब मोजता येत नाही, आतला पडदाही नीट तपासता येत नाही. काचबिंदू, म्हणजे बहुतेकदा डोळ्याचा दाब वाढून नजरेची नस खराब होण्याचा आजार, सहसा न दुखता वाढतो, त्यामुळे ‘स्क्रीनवर डोळा छान दिसतोय’ यावर विसंबून प्रत्यक्ष तपासणी पुढे ढकलू नका. अचानक नजर कमी होणं, डोळ्यात वीज चमकल्यासारखं वाटणं, काळे ठिपके एकाएकी वाढणं, नजरेवर पडदा सरकणं, उलट्यांसह डोळा ठणकणं, कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्याचा डोळा लाल होऊन दुखणं: यातलं काहीही झालं तर ऑनलाइन वेळेची वाट न पाहता थेट डॉक्टरांकडे जा.

आणि डोळ्यात रसायन उडालं, तर फोन शोधत बसू नका. आधी नळाखाली डोळा उघडा धरून किमान १५ मिनिटं धुवा. फोन तोवर दुसऱ्या कुणीतरी लावावा.