आइस हॉकीत गोलीनं (गोलकीपरनं) उभं कुठं राहायचं?

आमच्या ऐरोलीच्या ग्रुपमध्ये गोली व्हायला येणारी बहुतेक मुलं क्रिकेट खेळून येतात, त्यातही विकेटकीपर बरेच. हात चपळ, नजर तयार. तरी सुरुवातीला सपाटून गोल खातात. कारण पक (आइस हॉकीत बॉलऐवजी असते ती रबरी चकती) सुटला की हात टाकतात आणि पाय जागेवरच राहतात. इथं उलटं आहे. शॉट सुटायच्या आधी पाय जागेवर पोचलेले हवेत, मग बरेचसे पक आपसूक अंगावर येतात.

मी हे सोसायटीच्या कोर्टवर, चाकांच्या स्केट्सवर शिकलो. बर्फ पुढे लेहला मिळाला. अँगल शिकायला तर चाकंही लागत नाहीत. बूट घाला, दोन सुतळ्या घ्या. एकेक टोक गोलच्या दोन्ही खांबांना बांधा आणि मोकळी टोकं पकपाशी एकत्र आणा. या त्रिकोणाच्या मधोमध तुमची जागा.

गोल ६ फूट रुंद असतो, म्हणजे १८३ सेंटिमीटर. पक समोर ९ मीटरवर असताना गोललाइनवर उभे राहिलात तर तेवढं सगळं अडवायचं. १.८ मीटर पुढे, साधारण क्रीजच्या (गोलसमोर आखलेल्या गोलीच्या जागेच्या) टोकाशी आलात की दोन सुतळ्यांमधलं अंतर १४६ सेंटिमीटरच उरतं. उंचीचंही तसंच. बटरफ्लायमध्ये, म्हणजे पाय दोन्ही बाजूंना पसरून गुडघ्यांवर गेल्यावर तुमचे खांदे जमिनीपासून मीटरभर असले, तर पकपासून खांद्यावरून जाणारी सरळ रेषा गोलपाशी १.२५ मीटरवर पोचते. वरचा बार १.२२ मीटरवर असतो. विश्वास बसत नसेल तर मोबाइल पकच्या जागी जमिनीवर टेकवून व्हिडिओ काढा. उभ्या माणसाला खांद्यावर मोकळी जागा दिसते, मोबाइलला दिसत नाही.

आता सगळ्यात जास्त वेळ द्यायची गोष्ट. पक शूटरच्या छातीसमोर नसतो. लेफ्ट शूटरचा, म्हणजे डावीकडून स्टिक चालवणाऱ्याचा पक त्याच्या डाव्या बाजूला, बराच बाहेर असतो. नवखा गोली शूटरच्या तोंडाकडे बघून स्क्वेअर होतो, म्हणजे छाती त्याच्याकडे करतो, आणि गोलीच्या उजव्या हाताची सुतळी पूर्ण उघडी पडते. म्हणून सरावात शूटरला सांगा, उभा तिथंच राहा, फक्त पक एका बाजूकडून दुसरीकडे घे. प्रत्येक वेळी गोलीनं छोटा शफल मारून (पाय न वळवता बाजूला सरकून) मधली रेषा परत पकडायची. दिसायला कंटाळवाणं आहे, पोरं कुरकुर करतात. करू द्या.

पुढे येणं कळलं की मुलं दर वेळी पुढेच येतात. टू-ऑन-वनमध्ये, म्हणजे दोन शूटर आणि आपला एकच डिफेंडर असताना, हे अंगाशी येतं. आडवा पास गेला की जितके पुढे तितकं तुम्हाला कापायचं अंतर जास्त, आणि पक तुमच्यापेक्षा वेगवान. अशा वेळी क्रीजच्या मध्यावर थांबलेलं बरं. ब्रेकअवेला (शूटर एकटाच गोलीवर चालून येतो तेव्हा) मात्र आधी बाहेर यायचं आणि शूटरच्या वेगानं मागे सरकायचं. फार बाहेर थांबलात तर तो बाजूनं वळसा घालून जातो. पक गोललाइनजवळ कोपऱ्यात गेला की खांबाला चिकटा, फट ठेवू नका.

मागे वळून गोल बघायची सवय लागू देऊ नका. ग्लव्ह किंवा स्टिक खांबाला हलकी लावून जागा तपासायची, नाहीतर समोरच्या फेस-ऑफ डॉटवरून (खेळ पुन्हा सुरू करायच्या ठिपक्यावरून) अंदाज घ्यायचा. आम्ही कोर्टवर खडूनं डॉट काढतो. पावसाळ्यात ते रोज पुसले जातात, आणि पॅड्स वाळत नाहीत ते वेगळंच. घरचे नाक दाबूनच बोलतात.

चाकांवरून बर्फावर जाताना एक फरक लक्षात ठेवा. चाकं आडवी सरकत नाहीत, ब्लेड सरकतं. त्यामुळे कोर्टवर बरोबर बसणारा टी-पुश (एक पाय जायच्या दिशेला वळवून दुसऱ्यानं मारलेला रेटा) लेहच्या बर्फावर तुम्हाला पकच्या रेषेपलीकडे नेऊन सोडतो. पहिल्या सेशनला शॉट घेऊच नका. एका खांबापासून क्रीजच्या टोकाला, तिथून दुसऱ्या खांबाला, दर ठिकाणी पूर्ण थांबून, एवढंच करा.