प्राण्यांशी वागताना या चुका टाळा: आरशाशी भांडणाऱ्या दयाळपासून डूख धरणाऱ्या नागापर्यंत

मार्चमध्ये आमच्या पार्किंगमध्ये एक दयाळ पक्षी रोज सकाळी माझ्या स्कूटरच्या उजव्या आरशावर तुटून पडायचा. शेपटी ताठ वर, छाती पुढे आणि काचेवर चोचीने टक् टक् टक्. दमला की हँडलवर बसायचा, वाकून आरशात बघायचा आणि पुन्हा सुरू. आरशाखाली पांढऱ्या शिटेचे ओघळ. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "अगं, तहानलाय बिचारा, काचेत पाणी दिसतंय त्याला." वॉचमनमामांचं मत, "येडं झालंय ते." सी विंगचे आजोबा तर थेट मागच्या जन्मात गेले. मी काकूंचं ऐकून मातीच्या वाटीत पाणी ठेवलं. दयाळ वाटीच्या काठावर बसला, पाण्यात शिटला आणि परत आरशाकडे गेला.

त्याला तहान नव्हती, भांडण होतं. विणीच्या हंगामात नर आपली हद्द राखतो आणि आरशात त्याला दुसरा नर दिसतो. खरा शत्रू दोन-चार झटापटींत काढता पाय घेतो. आरशातला मात्र जशास तसा: हा चोच मारतो, तोही मारतो. बुलबुल आणि शिंजीरही हेच करतात. उपाय म्हणजे जुना मोजा. गाडी लावली की आरशावर चढवायचा, झालं. घराच्या खिडकीवर हा प्रकार चालू असेल तर आतून पडदा ओढू नका. मागे अंधार झाला की काच अजूनच आरशासारखी होते. कागद बाहेरून चिकटवा. हंगाम सरला की भांडणही सरतं.

तेव्हापासून सोसायटीत काही फडफडलं, सरपटलं किंवा चावलं की लोक मला फोन करतात. बहुतेक फोनमध्ये चूक एकच असते. प्राणी काय करतोय हे नीट बघायच्या आधीच तो तसं का करतोय हे ठरवून टाकलेलं असतं, आणि ते कारण हमखास माणसाचं असतं.

जनावर आपल्याला वाचतं, हे विसरणं

नंदीबैल आठवा. गुबुगुबुच्या तालावर मालक विचारतो, "पाऊस पडेल का?" आणि बैल मान डोलावतो. बैलाला पावसाचं काही कळत नसतं, मालकाचं कळतं. जर्मनीत शंभरेक वर्षांपूर्वी हान्स नावाचा घोडा असाच गाजला होता. बेरीज-वजाबाकीची उत्तरं तो खूर आपटून द्यायचा. १९०७ मध्ये ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने त्याची परीक्षा घेतली, तेव्हा कळलं की विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल तर हान्सलाही येत नाही. बरोबर आकडा आला की समोरच्या माणसाची मान नकळत किंचित हलायची, ती बघून घोडा थांबायचा. मालक लबाड नव्हता. आपण खूण करतोय हे त्याच्या गावीही नव्हतं.

घरातला कुत्रा हेच करतो. "चप्पल फाडली ना, बघ कसा अपराधी चेहरा केलाय," असं आपण म्हणतो. अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये १४ कुत्र्यांवर याचा प्रयोग केला. कुत्र्याने खाऊ खरंच चोरला होता की नव्हता, याचा त्या चेहऱ्याशी संबंध लागला नाही. संबंध होता मालकाच्या रागावण्याशी. उलट, काहीही न करता बोलणी खाल्लेल्या कुत्र्यांचे चेहरे जास्त अपराधी दिसले. म्हणजे तो चेहरा "चुकलो" असं सांगत नाही, "चिडू नकोस" असं सांगतो. तेव्हा संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर सकाळच्या चपलेचा हिशेब चुकता करू नका. त्याला एवढंच समजेल की तुम्ही दारात आलात की ओरडता. चपला कपाटात ठेवा.

कावळ्याच्या अंगावर धावून जाणं

मे-जूनमधली ही नेहमीची तक्रार. "कावळा डोक्यात मारतोय. रोज. मलाच." लगोलग कुणीतरी शनी काढतं, कुणी पितर.

वर बघा. झाडात काड्या आणि तारांचे तुकडे खोचलेलं घरटं असेल, किंवा खाली झुडपात नुकतं घरट्याबाहेर पडलेलं पिल्लू असेल. आईबाप आसपासच्या टापूची राखण करतात, आणि बहुधा मागून येतात. उपाय साधा: दोन-तीन आठवडे फुटपाथ बदला. ते जमत नसेल तर छत्री उघडून जा, मे महिन्यात नाहीतरी उन्हासाठी ती लागतेच. पिल्लू उडायला लागलं की प्रकरण आपोआप मिटतं.

जे करू नये ते आमच्याकडच्या एका काकांनी केलं. हेल्मेट फिरवत कावळ्यामागे धावले, दगडही मारला. पुढचा महिनाभर ते खाली दिसले की कावकाव सुरू, शेजारून चाललेल्या माणसाला काही नाही. काकांना वाटलं करणी आहे. करणी कसली, कावळे चेहरा लक्षात ठेवतात. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन मार्झलफ यांच्या चमूने २००६ मध्ये विचित्र मुखवटे घालून काही कावळे पकडले, खुणेच्या कड्या घातल्या आणि सोडून दिले. नंतर तोच मुखवटा घालून कुणी आवारात फिरलं की कावळे ओरडत मागे लागायचे, आणि ज्यांना कधी पकडलंच नव्हतं तेही सामील व्हायचे. हे कित्येक वर्षं चाललं. ते कावळे अमेरिकन जातीचे होते हे खरं, पण आमच्या काकांना तो फरक जाणवला नसता. मराठीत डूख धरण्याचा मान आपण नागाला दिलाय. तो खरं तर कावळ्याला द्यायला हवा होता.

दहाव्याला घाटावर पिंडाला कावळा शिवत नाही, तेव्हाही मला हे आठवतं. वीस-पंचवीस माणसं गोल करून, श्वास रोखून पिंडाकडे टक लावून बघत असतात. कावळा फांदीवरून त्या माणसांकडे बघत असतो. मग घरातलं कुणीतरी हात जोडून म्हणतं, "धाकटीचं लग्न आम्ही नीट लावून देऊ," आणि सगळे चार पावलं मागे सरतात. कावळा उतरतो. माझ्या आजोबांच्या वेळी मीही रडले होते, आणि ते रडणं खोटं नव्हतं. पण कावळा येतच नसेल तर आधी जरा मागे सरा.

कावळ्याच्या घरट्यात कोकिळा अंडं घालते हे सगळ्यांना माहीत असतं. पण 'कुहू' घालतो तो काळा, लाल डोळ्यांचा नर. मादी ठिपक्याठिपक्यांची असते आणि तिला गाता येत नाही. गानकोकिळा हा शब्द आता बदलायला नको, पण पहाटे साडेचारला झोप मोडणारा कोण, हे निदान कळावं.

पडलेलं पिल्लू उचलून घरी आणणं

इथे माझीच चूक सांगते. काही वर्षांपूर्वी बुलबुलाचं एक पिल्लू जिन्यात सापडलं. मी ते बुटाच्या खोक्यात ठेवलं, ड्रॉपर आणला आणि चोच उघडून पाणी घातलं. पाच मिनिटांत मेलं. पक्ष्याच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या अगदी मागे, तोंडाच्या तळाशीच असतं. वरून सोडलेलं पाणी थेट फुप्फुसात जातं. मी त्याला पाणी पाजलं नव्हतं, बुडवलं होतं. दुधाचंही तसंच. पक्ष्यांना ते पचत नाही.

खरं तर त्या पिल्लाला मदत नकोच होती. अंगावर पिसं आहेत, शेपूट आखूड आहे, टुणटुण उड्या मारतंय, म्हणजे ते उडायला शिकतंय. मांजर-कुत्र्याच्या तोंडी लागणार नाही अशा जवळच्याच फांदीवर ठेवा आणि लांब जा. तुम्ही उभे असेपर्यंत आई येणार नाही. पिसं नसलेलं उघडं पिल्लू असेल तर सापडल्यास घरट्यात परत ठेवा, घरटं मोडलं असेल तर छोट्या टोपलीत काटक्या घालून त्याच फांदीला बांधा. "माणसाचा हात लागला, आता आई घेणार नाही," हे खरं नाही. एवढ्या कष्टाने वाढवलेलं पिल्लू हाताच्या वासापायी कुठलीही आई टाकत नाही. जखमी असेल तर हवेची भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, काही खायला-प्यायला न देता ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

गाडीमागे कुत्रा लागल्यावर वेग वाढवणं

रात्री अकरानंतर पुण्याच्या कुठल्याही गल्लीत याचा अनुभव घेता येतो. कुत्र्याच्या बाजूने हिशेब मांडून बघा: गाडी आली, मी भुंकत धावलो, गाडी पळून गेली. रोज धावतो, रोज जिंकतो. तो का थांबेल? वेग वाढवलात तर त्याला जोर येतो. पाय उचलून घेतलेत तर तुम्ही पडता. आमच्या भागातल्या ज्या दोघांना अशा वेळी लागलं, त्यांना कुत्रा चावला नव्हता, ते घसरले होते. वेग कमी करा, गरज पडली तर थांबा. पाठलागातला पाठलागच संपला की बहुतेक कुत्री नाक फिरवून जातात. पायी असाल तर पळू नका, डोळ्यांत बघू नका, हात अंगाशी घेऊन जरा तिरके उभे राहा.

चावलाच, किंवा नुसतं ओरखडून रक्त आलं, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा. घड्याळ लावून. आपल्याला दोन मिनिटंच पंधरा वाटतात. हळद, चुना, मिरची काही भरू नका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. पोटात चौदा इंजेक्शनं हा जमाना गेला. आता दंडात देतात. पहिल्या डोसनंतर ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. जखमेतून रक्त आलं असेल तर तिथेच वेगळं औषधही टोचतात. मधला डोस "आता बरं वाटतंय" म्हणून चुकवू नका. रेबीजची लक्षणं दिसायला लागल्यावर वाचवण्यासारखं जवळजवळ काही उरत नाही.

सापाला ओळखलंय असं समजणं

साप दूध पीत नाही, नाग सूड घेत नाही, धामण गाईच्या पायाला विळखा घालून दूध काढत नाही. हे आता बऱ्याच जणांना पटलंय. पण "हा बिनविषारी आहे, मी ओळखतो" म्हणणारे वाढलेत, आणि त्यांची मला जास्त भीती वाटते. पुण्याच्या टेकड्यांलगत दिसणारी घोणस जाडजूड, ठिपक्यांची असते आणि लोक तिला अजगराचं पिल्लू समजून उचलायला जातात. कुकरसारखा फुत्कार ऐकू आला तर तो अजगर नाही. कवड्या आणि मण्यारमध्येही अशीच गल्लत होते. कवड्या निरुपद्रवी. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, फारसं दुखतही नाही, आणि माणूस पुन्हा झोपतो.

साप घरात दिसला तर मारायला काठी आणि फोटोला मोबाइल, दोन्ही बाजूला ठेवा. लांबून नजर ठेवा, आतलं दार लावा, फटीत ओला टॉवेल कोंबा, १९२६ किंवा सर्पमित्र. चावला तर दोरी नाही, ब्लेड नाही, चोखणं नाही. हात-पाय न हलवता सरळ मोठं रुग्णालय. साप सोबत आणायची गरज नाही, डॉक्टर लक्षणं बघून उपचार करतात.

"पकडून लांब सोडून या"

बैठकीत हा ठराव नेहमी एकमताने मंजूर होतो. जुन्नरला हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर झालाय. २००१ ते २००३ या काळात तिथले पुष्कळ बिबटे पकडून दुसऱ्या जंगलांत सोडले गेले, आणि त्याच काळात माणसांवरचे हल्ले कमी होण्याऐवजी वाढले. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात हे नोंदलंय. अनोळखी मुलखात सोडलेलं जनावर बावरतं, भटकतं. २००९ मध्ये टाकळी ढोकेश्वरजवळ विहिरीत पडलेला एक बिबट्या गळ्यात ठावठिकाणा कळवणारा पट्टा बांधून माळशेज घाटात सोडला होता. सगळे त्याला आजोबा म्हणायचे. तो सव्वाशे किलोमीटरच्या आसपास चालत बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात पोचला. आपण लांब म्हणतो ते बिबट्याला लांब नसतं. कुत्र्यांचंही थोड्या फरकाने तसंच. नसबंदी झालेलं ओळखीचं कुत्रं उचललंत तर त्याच कचराकुंडीवर महिन्याभरात दुसरं, नसबंदी न झालेलं येतं. कुंडी आधी उचला.

आणि गर्दी करू नका. ९ डिसेंबर २०२० ला कोथरूडमध्ये गवा शिरला होता. तेव्हाचे व्हिडिओ अजून फिरतात. त्यात गव्यापेक्षा माणसंच जास्त दिसतात. काही तासांच्या पळापळीनंतर तो पकडला गेला आणि त्याच दिवशी मेला.

आग्या मोहोळाचं थोडक्यात. इमारतीच्या सज्जाला लागलेलं पोळं जाळू नका, दगड मारू नका. एक माशी डसली की तिच्या नांगीतून इशाऱ्याचा वास सुटतो आणि बाकीच्या तिथेच येतात. तो वास थोडासा पिकल्या केळ्यासारखा असतो, हे मला फार आवडतं, अर्थात लांबून. हल्ला झालाच तर हात न झटकता सरळ पळा आणि बंद खोलीत शिरा. एरवी या माश्या काही महिन्यांनी पोळं सोडून आपणहून निघून जातात.

दयाळचं राहिलं. माझ्या आरशावर मोजा चढल्यावर त्याने दोन दिवस तो मोजा न्याहाळला आणि मग मोर्चा सी विंगकडे वळवला. परवा आजोबांनी मागचा जन्म बाजूला ठेवून मला फोन केला. म्हणाले, "दुसऱ्या पायातला मोजा आहे का गं तुझ्याकडे? आणि अजून एक लागेल. गाडीला आरसे दोन असतात."