सीएमईचं सर्टिफिकेट मिळालं की गाडी सुरू करण्याआधी एवढं करा

महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी येतं, त्यासाठी सीएमईचे, म्हणजे डॉक्टरांसाठीच्या सततच्या वैद्यकीय शिक्षणाच्या कार्यक्रमांचे, ३० क्रेडिट पॉइंट दाखवावे लागतात, आणि नेमकी तेव्हाच सर्टिफिकेटं सापडत नाहीत. मागच्या खेपेला माझी दोन औषधांच्या सॅम्पलच्या खोक्यात, बिलांखाली निघाली. तेव्हापासून हे पाळतो:

१. सर्टिफिकेट हातात पडलं की तिथेच नाव, नोंदणी क्रमांक आणि पॉइंट वाचून घ्या. 'कुलकर्णी'चं 'कुळकर्णी' झालं असेल तर आयोजक समोर असतानाच दुरुस्त होतं. चार वर्षांनी त्यांना कुठे शोधणार?

२. गाडीत बसल्यावर मोबाइलने स्कॅन करा. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, दिवस, शेवटी पॉइंट: '२०२५-०८-१७-२पॉइंट'. फाइली आपोआप तारखेनुसार लागतात.

३. ती फाइल स्वतःलाच ईमेल करा, विषयात 'सीएमई' लिहून. मोबाइल हरवला तरी एका शोधात सगळं समोर येतं.

मूळ कागद दवाखान्यातल्या एकाच फाइलमध्ये. आतल्या पुठ्ठ्यावर मी पेन्सिलीने चालू बेरीज लिहितो: ६, ८, ११. वर्षाला सहा पडले की निर्धास्त. एकट्याने दवाखाना चालवणाऱ्याला शेवटच्या वर्षात ओपीडी बंद ठेवून पॉइंटमागे धावणं फार महागात पडतं, पेशंटचेही हाल होतात.

एक मात्र बघा: नुसतं 'उपस्थितीचं प्रमाणपत्र' चालत नाही. कार्यक्रमाला कौन्सिलची मान्यता आहे ना आणि पॉइंट किती, हे नाव नोंदवण्याआधीच विचारा.